परदेशात नव्याने गेलात? घरच्यांना खुशाली कळवण्याची घडी अशी बसवा

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहायला आलो त्याला आता आठ वर्षं होतील. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, सासर सांगलीचं, आणि बाकी गोतावळा मुंबई, बडोदा, दुबई असा पांगलेला. पहिली दोन वर्षं मी खुशाली कळवत होते, म्हणजे फोन आला की "मजेत आहोत, तुम्ही कसे?" एवढंच बोलत होते. तिकडूनही "बरं आहे" यायचं आणि फोन ठेवला जायचा. मग एकदा आत्या म्हणाली, "तू तिथे दिवसभर काय करतेस ते मला डोळ्यांपुढे आणताच येत नाही गं." ते मला फार लागलं. जिने मला लहानाचं मोठं केलं, तिला माझा एक दिवससुद्धा माहीत नव्हता.

तेव्हापासून हळूहळू एक पद्धत बसवली. महिन्याला एक खुशालीपत्र, आठवड्याला ठरलेल्या वेळी फोन, आणि मोठी बातमी असेल तर तिचा क्रम. तुम्ही नुकतेच बाहेर पडला असाल, जर्मनीला असो की बंगळूरला, तर या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

लागणारं सामान

- एक जाड वही. फोनमधली नाही, कागदाचीच. फोन बदलतो, वही राहते.
- नातेवाइकांचे पत्ते आणि नंबर, देशाच्या आकड्यासह (भारतासाठी +९१).
- तिथ्या दिलेली मराठी दिनदर्शिका. आजीचा वाढदिवस तिथीने असतो, तारखेने नाही.
- फोनवर मराठी कळफलक. हाताने टाइप करायचा कंटाळा असेल तर गूगलच्या कळफलकावर माइक दाबून मराठीत बोला, तो लिहून देतो. जोडाक्षरं आणि नावं मात्र परत तपासा.
- गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी छापून द्यायला तयार असलेला एक विश्वासू भाचा किंवा पुतण्या. हे सामानापेक्षा मोठं आहे, पण याच्याशिवाय निम्मं काम अडतं.

१. आधी माणसांची यादी करा

वहीची दोन पानं घ्या, एक माहेरचं आणि एक सासरचं. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा : ते वाचू शकतात का, फोन कोणता आहे, त्यांना कशात रस आहे आणि त्यांच्याकडून शेवटचं काय कळलं.

ही शेवटची जागा सगळ्यात कामाची. "मामी – गुडघा, डॉक्टर बदलणार होती" असं लिहिलेलं असलं की पुढच्या वेळी तुम्ही "कशी आहेस?" विचारत नाही, "नवे डॉक्टर काय म्हणाले?" विचारता. माणसाला तेवढंच हवं असतं.

यादी दर सहा महिन्यांनी नीट वाचून काढा. माझ्या हातून घडलेलं सांगते. बडोद्याचे काका गेले आणि तीन महिन्यांनी दिवाळीचं पत्र गेलं ते जुन्या यादीवरून, पाकिटावर काकूंच्या नावाआधी 'सौ.' तसंच. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण ते पाकीट त्यांनी हातात घेतलं असेल, तो क्षण माझ्या मनातून जात नाही. असं काही घडलं की त्याच दिवशी वहीत दुरुस्ती करा.

पत्ता लिहिताना 'मु. पो.' एकत्र लिहायची सवय असते, तिच्यात एक गोम आहे. मुक्काम म्हणजे वाडी किंवा गाव, आणि पोस्ट म्हणजे जिथलं टपाल कार्यालय तुमचं पत्र वाटतं ते गाव. दोन्ही एकच असतील तरच 'मु. पो.' बरोबर. आमच्या वाडीचं पोस्ट शेजारच्या गावात आहे, म्हणून 'मु. अमुक, पो. तमुक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी' असं वेगळं लिहावं लागतं. पिन कोड सहा आकडी असतो, महाराष्ट्र आणि गोव्याचा ४ ने सुरू होतो. त्याचे शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या कार्यालयाचे, तेव्हा ते चुकले की पत्र भलत्या गावाला जाऊन पडतं.

२. कोणाला काय आधी कळायला हवं, ते ठरवून ठेवा

आमचा मुलगा चार वर्षांचा असताना झोपाळ्यावरून पडला आणि हाताला प्लास्टर बसलं. संध्याकाळी घरी आल्यावर हसऱ्या चेहऱ्याचा, निळ्या प्लास्टरचा फोटो आमच्या ह्यांनी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवला. "उद्या रविवार, उद्या सगळ्यांना सांगू" असं आम्ही ठरवलं होतं. मुंबईतल्या एका ओळखीच्या मुलाने तो पाहिला, त्याने गावात आपल्या आईला सांगितलं, आणि ती माझ्या आईला विचारायला आली : "नातवाचं काय झालं गं?" आईला काहीच माहीत नव्हतं. आमच्या वाडीत घरात रेंज येत नाही, देवळामागच्या चढावर जावं लागतं. आई काळोखात बॅटरी घेऊन तिथे उभी राहून मला फोन लावत होती आणि इकडे मी मुलाला झोपवत होते, फोन दुसऱ्या खोलीत. त्या रात्री ती जेवली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे, आणि तुम्हीही तो ठरवाच.

आजारपण, अपघात : दोन्हीकडच्या आईवडिलांना आधी, तेही बोलून. पहिलं वाक्य नेहमी "आता तो बरा आहे" हेच, मग काय झालं ते. मग भावंडं. त्यानंतरच बाकीचे, आणि फोटो सगळ्यात शेवटी.

गोड बातमी : आमच्याकडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत बाहेर सांगत नाहीत. तुमच्या घरी काय रीत आहे ते सासूबाईंना आणि आईला विचारा आणि दोघींना एकाच दिवशी सांगा. एकीला आधी कळलं हे दुसरीला कधी ना कधी कळतंच.

कोणी गेल्याची बातमी : इथे उशीर चालत नाही. भाऊबंदांना सुतक असतं, देवपूजा, शुभकार्यं थांबवायची असतात, दहा दिवस मोजायचे असतात. एखाद्याच्या घरी त्याच आठवड्यात मुंज किंवा वास्तुशांत असू शकते. पूर्वी अशा वेळी तार यायची आणि 'तार आली' म्हटलं की घर हादरायचं. तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता सगळ्यांना वाटतं, ग्रुपवर आलंच असेल. म्हातारी माणसं ग्रुप दिवस दिवस उघडत नाहीत. प्रत्येक घरी एक फोन कोण करणार, हे भावंडांनी आधीच वाटून घ्या.

३. फोनची वेळ तिकडच्या घड्याळाने बांधा

बाबा दर रविवारी साडेचारला चहा घेऊन माझ्या फोनची वाट बघतात. उन्हाळ्यात भारत जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे मी इथे दुपारी एकला फोन करायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळ एक तास मागे जातं आणि फरक साडेचार तासांचा होतो. पहिल्या वर्षी हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी नेहमीसारखा एकला फोन केला, तिकडे साडेपाच वाजले होते. बाबा तासभर फोनजवळ बसून होते.

म्हणून तिकडची वेळ हलवायची नाही, आपली हलवायची. आता हिवाळ्यात मी बाराला फोन करते. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा एकला. अमेरिकेत असाल तर घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. दुबईला ही कटकट नाही, तिथे बारा महिने दीड तासाचाच फरक.

४. पत्र कोणत्या वाटेने धाडायचं

ग्रुपवर टाकू नका. हे माझं ठाम मत आहे. ग्रुपवर टाकलेली खुशाली सुप्रभाताच्या फुलांखाली दोन तासांत गाडली जाते. शिवाय तिथे सगळे सगळ्यांसमोर बोलतात, त्यामुळे अंगठे आणि नमस्कार येतात, मनातलं येत नाही.

त्याऐवजी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ माणसं बसतात. निरोप प्रत्येकाला स्वतंत्र पोचतो आणि त्याचं उत्तर फक्त तुम्हाला येतं. मामीने गुडघ्याचं मला सांगितलं ते असंच, ग्रुपवर ती कधीच बोलली नसती. एक अट आहे : समोरच्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला नसेल तर निरोप त्याला पोचत नाही. परदेशातला नवा नंबर घेतला की पहिल्या सुट्टीत गावी गेल्यावर स्वतः प्रत्येकाचा फोन हातात घेऊन तो साठवून द्या.

वाचता येतं पण मोठा फोन नाही, अशांसाठी छापील पत्र. मी ते मोठ्या अक्षरात, १८ आकाराच्या टाइपात लिहून पीडीएफ करते आणि राजापूरच्या भाच्याला पाठवते. तो झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतो आणि बाजाराच्या दिवशी वाडीत पोचवतो. पीडीएफच पाठवा. साधी फाइल पाठवली तर दुकानातल्या संगणकावर वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी होतात, आणि आजीला वाटतं तिचीच नजर गेली.

वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजी निरोप. दोन मिनिटांपेक्षा लांब नको, हवं तर तीन वेगळे करा. सुरुवातीला आपलं नाव आणि आजचा वार सांगा. आजी ते पंधरा दिवस पुन्हा पुन्हा ऐकते, वार सांगितला नाही तर तिला जुना कोणता आणि नवा कोणता कळत नाही.

५. मजकूर : मोठ्या बातम्या थोड्या, दिवस जास्त

नवे लोक इथेच अडतात. "लिहिण्यासारखं काही घडलंच नाही" म्हणतात. आपल्या माणसांना घडामोडी नको असतात, दिवस हवा असतो.

इथे श्वाबेन भागात इमारतीचा जिना झाडायची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीवर एक छोटी पाटी लटकते. आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा आणि मग ती पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. या पाळीला केरवोख म्हणतात. केरन म्हणजे झाडणं, वोख म्हणजे आठवडा. मी हे तीन ओळींत पत्रात लिहिलं. आईचा निरोप आला : "तिकडेपण केराला केरच म्हणतात?" योगायोगच तो, पण त्या एका शब्दाने आईला माझा जिना दिसला. आता ती दर महिन्याला विचारते, पाटी कोणाच्या दारावर आहे.

तेव्हा महिनाभर वहीत रोज एक ओळ टिपा. आज काय शिजवलं, कोणती भाजी मिळाली नाही, शेजारीण काय म्हणाली, मुलाने मराठीत कोणता शब्द चुकवला. महिनाअखेरीस त्यातल्या पाच घ्या. रविवारी इथे दुकानं बंद असतात हे वाचून सांगलीच्या सासूबाईंनी विचारलं होतं, "मग शनिवारी विसरलं तर कोथिंबीर कुठून आणतेस?" मी खिडकीतल्या कुंडीतल्या कोथिंबिरीचा फोटो पाठवला.

कामाबद्दल लिहिणं जास्त अवघड. हुद्दा सांगून कोणाला काही कळत नाही. मी तीन प्रश्नांची उत्तरं देते : शेवटी वस्तू काय तयार होते, ती कोण वापरतं, आणि त्यात माझा हात कुठे लागतो. आधी मी "डिझाइनमध्ये आहे" म्हणायची. आता असं लिहिते : "एसटी थांब्यावर थांबली की फुस्स आवाज येतो ना, ती ब्रेकची हवा. ती हवा सोडणारी झडप असते. तसल्या झडपांची चित्रं मी संगणकावर काढते आणि त्या थंडीत गोठू नयेत म्हणून काय करायचं ते बघते." हे वाचून पहिल्यांदा घरातल्या कोणी माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारला. त्याचं पुढे सांगते.

पगार, बढतीचा आकडा पत्रात लिहू नका. तेच पत्र नोकरी शोधणारा चुलतभाऊही वाचतो. आणि कोणी विचारलंच तर "आमचं नीट भागतं" एवढं पुरे.

वाईट दिवस मात्र लपवू नका. एकदा कंपनीने माणसं कमी केली त्यात माझंही काम गेलं. चार महिने मी "सगळं ठीक" लिहीत राहिले. नवी नोकरी लागल्यावर सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे त्या महिन्यांतली पत्रं खोटी." तेव्हापासून वाईट गोष्ट दोन ओळींत का होईना, लिहिते : काय झालं, आता काय करतोय, आणि त्यांनी काय करायला हवं. बहुतेक वेळा "काही करायला नको, फक्त माहीत असू दे" हेच.

६. मायना

पडद्यावर पाठवताना मी "सर्वांना नमस्कार" वर भागवते. छापील पत्राला मात्र जुना मायना ठेवते, कारण आजीच्या पिढीला त्यातून आपला मान कळतो. आईवडिलांना 'तीर्थरूप', काका-मामा वगैरे वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', पुढे 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्यांना 'स. न. वि. वि.', म्हणजे सप्रेम नमस्कार. धाकट्यांना 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद'. शेवटी 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' आणि राहिलेलं काही असेल तर 'ता. क.' आमच्या आजी पत्र हातात आलं की आधी ता. क. वाचतात, तेव्हा तिथे मी मुद्दाम त्यांच्यासाठीची एक ओळ ठेवते.

७. फोटो

चारच. प्रत्येकाखाली डावीकडून कोण कोण ते लिहा. लांबलचक व्हिडिओ नको, गावच्या फोनची जागा भरते आणि दिवसाचा डेटा त्यातच जातो. कामाच्या ठिकाणचा फोटो वरिष्ठांना विचारल्याशिवाय काढू नका. मुलांच्या शाळेतल्या इतर मुलांचे चेहरे असलेला फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय पाठवू नका, इथे ते फार गंभीरपणे घेतात.

८. एवढी काळजी घ्या

घर बंद ठेवून कुठे जाणार असाल तर ते परत आल्यावर लिहा. मुलाच्या शाळेचं नाव, गणवेशावरचं बोधचिन्ह, पासपोर्टचं पान, घराची पाटी फोटोत येऊ देऊ नका.

आणि "हा माझा नवा नंबर, तातडीने पैसे पाठव" असा निरोप आमच्या नावाने सासऱ्यांना एकदा आला होता. ते पैसे पाठवायलाच निघाले होते, सासूबाईंनी अडवलं. आता आम्ही घरात एक खुणेचा शब्द ठरवलाय. पैशाची गोष्ट निघाली की तो विचारायचा, कितीही ओळखीचा आवाज असला तरी. फसवणूक झालीच तर भारतात १९३० या नंबरवर लगेच तक्रार करायची, हे त्यांच्या फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं आहे.

९. उत्तर आलं की ते वहीत उतरवा

पत्र धाडल्यावर चार-पाच दिवस उत्तरं येत राहतात. कोणी दोन शब्द लिहितं, कोणी आवाजी निरोप पाठवतं, कोणी फक्त नमस्काराचे हात. जे विचारलं गेलंय ते त्या माणसाच्या नावापुढे वहीत लिहा आणि पुढच्या पत्रात त्याचं उत्तर नावानिशी द्या : "आत्याने विचारलं होतं की..." आपलं नाव पत्रात आलं की ते माणूस पुढच्या वेळी जास्त बोलतं.

एखाद्याकडून दोन महिने काहीच आलं नाही तर रुसवा धरू नका, फोन करा. बहुतेक वेळा फोन बिघडलेला असतो किंवा तब्येत.

झडपेचं पत्र गेलं तेव्हा पहिलं उत्तर मोठ्या काकांचं आलं. ते एसटीत चालक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. एरवी फोनवर ते "बरी आहेस ना? हां, मग ठीक" याच्यापुढे जात नाहीत. त्यांनी सहा मिनिटांचा निरोप पाठवला. अणुस्कुरा घाट उतरताना ब्रेकवर सारखा पाय ठेवला की हवा कशी उतरत जाते, म्हणून आधीच गिअर खाली घ्यायचा, पावसाळ्यात टाकीतलं पाणी सकाळी सोडायचं, एकदा धुक्यात गाडी कशी कडेला घेतली, सगळं. मधे कोंबडा आरवतो, काकू कोणाला तरी हाक मारतात. मी तो तीनदा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी कामावर सहकाऱ्याला त्यातला टाकीच्या पाण्याचा भाग समजावून सांगितला.

या महिन्याच्या पानावर पहिल्या ओळीत लिहिलंय : काका – घाट उतरताना हवेचा काटा किती खाली आला की तुम्ही गाडी थांबवायचात?